काँक्रीटचें प्रमाण आणि पाण्याचा हिशेब

एका निवृत्त शाळामास्तरानें काँक्रीटवर बोलावयास बसावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. मी इंजिनिअर नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें, आणि सारी हयात मुलांना अंकगणित व थोडेंबहुत सृष्टिशास्त्र शिकविण्यांत गेली. परंतु आजचा विषय तरी याहून निराळा कोठें आहे? सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी हीं कोणत्या प्रमाणांत एकत्र करावीं, हा प्रश्न म्हणजे त्रैराशिकाचा व मिश्रणाच्या उदाहरणांचाच प्रश्न होय. हा धडा मीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोटून घेतला, आणि स्वतःच्या घराच्या बाबतींत मात्र त्याच धड्यांत नापास झालों. त्या फजितीपासूनच आरंभ करतों.

सन १९९७ च्या मे महिन्यांत आमच्या घरावर स्लॅब घातला. घर लहान, पैसा मोजका. तेव्हां मीं एक वही घालून तींत पै-पैचा हिशेब ठेविला होता. सिमेंटच्या गोण्या किती, वाळूच्या गाड्या किती, सळयांचें वजन किती, सेंटरिंगचें भाडें किती, फार काय, मजुरांच्या चहाचे पेले किती, हें सर्व त्या वहींत आजही वाचावयास मिळेल. दुपार कलली आणि आभाळ भरून आलें. मुकादम माझ्यापाशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, माल जरा पातळ करूं द्या. म्हणजे पळेल, आणि पावसाच्या आंत उरकेल." मला त्यांत वावगें कांहींच दिसलें नाहीं. पाणी आपल्याच आडाचें. त्याला दाम पडत नाहीं. मीं म्हटलें, "करा." संध्याकाळीं काम वेळेंत पुरें झालें, स्लॅब वरून आरशासारखा गुळगुळीत दिसूं लागला, आणि मीं मजुरांना पेढे वाटले.

२०१४ च्या श्रावणांतील एके सकाळीं माझी वृद्ध आई खाटेवरून उठून तुळशीला पाणी घालावयास अंगणांत गेली, आणि मागें तिच्या उशीवर छताचा हातभर लांबरुंद पोपडा कोसळला. नुसता गिलावा नव्हे. गिलाव्यामागचें काँक्रीटही त्याबरोबर आलें होतें, आणि उघड्या पडलेल्या सळया गंजून फुगल्या होत्या. आई त्या दिवशीं पांच मिनिटें उशिरां उठती तर? त्या प्रश्नाचें उत्तर मी आजवर मनांतही पुरें केलेलें नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी बांधकामाचा इंजिनिअर झाला आहे. त्याला निरोप धाडला. तो आला, छतावर ठिकठिकाणीं हातोडीनें ठोकून त्यानें आवाज ऐकला, पडलेला तुकडा उचलून उजेडांत धरला आणि त्यांतील सुईच्या अग्राएवढीं असंख्य छिद्रें मला दाखविलीं. मग त्यानें विचारलें, "गुरुजी, त्या दिवशीं एका गोणीला पाणी किती घातलें होतें?" मी वही घेऊन आलों. सारे रकाने पाहिले. पाण्याचा रकाना त्यांत नव्हता. ज्याला पैसा पडला नाहीं, तें मीं मोजलेंच नव्हतें. त्यानें मला दोष दिला नाहीं. पण त्या दिवशीं आणि पुढें कित्येक रविवारीं तो माझ्या ओसरीवर बसून मला हें शास्त्र सांगत राहिला. शिष्यानें गुरूला शिकविलेला तो धडा आज मी आपणांपुढें मांडीत आहें.

काँक्रीट हा माणसानें साच्यांत घडविलेला दगडच होय. खडी आणि वाळू हा त्याचा सांगाडा, आणि सिमेंट व पाणी यांचा लगदा हा त्याला बांधणारा डिंक. आतां सांगाड्यांत पोकळी किती राहते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. शाळेंत मी एक सोपा प्रयोग करवीत असें. दहा लिटर मापाची बादली खडीनें कांठोकांठ भरावी आणि तींत मापानें पाणी ओतावें. भरलेली दिसणारी ती बादली चार लिटरांहून अधिक पाणी सहज पोटांत घेते! मुलांना याची मोठी गंमत वाटे. डबा लिंबांनीं भरला तरी त्यांत हरभरे मावतात, आणि हरभरे भरल्यावरही खसखस मावते, तसाच हा प्रकार. खडीच्या पोकळींत वाळू बसावी, वाळूच्या पोकळींत सिमेंटचा लगदा बसावा, आणि प्रत्येक कणाला लगद्याचें पातळ वेष्टण मिळावें, ही आदर्श स्थिति.

याच विचारांतून एकास दोनास चार हें प्रसिद्ध प्रमाण रूढ झालें. खडींतील पोकळी निम्म्याच्या आसपास, म्हणून चार मापें खडीला दोन मापें वाळू. वाळूंतील पोकळीही निम्म्याच्या आसपास, म्हणून दोन मापें वाळूला एक माप सिमेंट. गवंड्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनीं हें प्रमाण मंत्राप्रमाणें जपलें. परंतु, श्रोतेहो, या मंत्रांत एक मोठें न्यून आहे. वाळू बारीक कीं जाड, नदीची कीं यंत्रांत दगड दळून केलेली, ओली कीं कोरडी, खडी गोल कीं कपचीसारखी, यांचा त्यांत कोठेंच विचार नाहीं. आणि सर्वांत आश्चर्य हें, कीं जो चवथा घटक या तिघांचें भवितव्य ठरवितो, त्या पाण्याचें त्यांत नांवसुद्धां नाहीं.

हें न्यून शास्त्रज्ञांच्या ध्यानांत क्रमाक्रमानें आलें. फ्रान्समध्यें रने फेरे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत असें दाखविलें, कीं सिमेंट, पाणी आणि कोंडलेली हवा मिळून जी जागा व्यापतात, तींत सिमेंटचा स्वतःचा वांटा जितका मोठा, तितकी बळकटी अधिक. पुढें १९०७ सालीं अमेरिकेंत फुलर व थॉम्पसन या दोघांनीं लहानमोठ्या दगडांची वांटणी कशी असावी याची एक वक्ररेषा काढून दिली. तिचें गणित शाळेच्या मुलासही करतां येईल. कणाच्या आकाराला सर्वांत मोठ्या आकारानें भागावें, वर्गमूळ काढावें आणि शंभरानें गुणावें. सर्वांत मोठी खडी २० मिलिमीटरची असेल, तर ५ मिलिमीटरच्या चाळणींतून किती माल खालीं जावा? पांच भागिले वीस म्हणजे पाव. पावाचें वर्गमूळ अर्धा. अर्थात् शेंकडा पन्नास. अशा श्रेणीचा माल एकमेकांत घट्ट बसतो.

परंतु विषयाच्या मुळाशीं हात घातला तो डफ एब्रॅम्स यांनीं. शिकागो येथील लुइस इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेंत हजारों नमुने फोडून त्यांनीं १९१८ सालीं आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. तो असा, कीं माल नीट कालवतां व ठासतां येण्याजोगा असेल, तर काँक्रीटची बळकटी मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते. आणि ती म्हणजे सिमेंटच्या मानानें पाणी किती घातलें. वाळू थोडी अधिकउणी झाली तरी तिच्यामुळें प्रत्यक्षपणें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें तिच्या निमित्तानें वाढविलेल्या पाण्यामुळें. त्यांनीं दिलेल्या जुन्या सूत्रानें पाहिलें, तर आकारमानानें सिमेंटइतकेंच पाणी घातल्यास अठ्ठावीस दिवसांनीं काँक्रीट दर चौरस इंचास सुमारें २,००० पौंडांचा दाब सोशी. तेंच पाणी तीनचतुर्थांश केल्यास हा आंकडा ३,२५० पर्यंत चढे. आजचें सिमेंट त्या काळच्या सिमेंटहून पुष्कळ जोरकस आहे, तेव्हां आंकडे बदलले. पण वक्ररेषेचा उतार तसाच आहे.

असें कां व्हावें? पन्नास किलोच्या एका गोणीला रासायनिक संयोगासाठीं साधारण साडेअकरा लिटर पाणी लागतें. संयोगानें जो नवा पदार्थ बनतो, त्याच्या अतिसूक्ष्म रंध्रांत आणखी सातआठ लिटर पाणी अडकून राहतें. एवढ्यावर म्हणजे एकोणीस लिटरांच्या आसपास सिमेंटची तहान भागते. त्यापुढचें पाणी हा पाहुणा होय. तो कांहीं दिवसांनीं वाफ होऊन निघून जातो, आणि जातांना आपली जागा मोकळी ठेवून जातो. तींच तीं छिद्रें, जीं माझ्या विद्यार्थ्यानें मला उजेडांत दाखविलीं. त्यांच्या वाटेनें पाऊस आंत शिरतो, हवा शिरते, हवेंतील कर्बाम्ल वायु शिरतो. काँक्रीटचा स्वाभाविक क्षारधर्म लोखंडाला गंजापासून राखीत असतो. हा वायु तो धर्म हळूहळू नाहींसा करतो. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून किती तरी अधिक जागा मागतो, आणि ती मिळविण्यासाठीं भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर लोटतो. सतरा वर्षें हा उद्योग आमच्या छतांत मुकाट्यानें चालला होता.

यावर कोणी म्हणेल, तर मग एकोणीस लिटरच पाणी घाला, म्हणजे झालें! परंतु तेंही चालत नाहीं. इतका कोरडा माल सळयांच्या जाळींत उतरत नाहीं, कोपरे भरत नाहींत, आणि मधमाशांच्या पोळ्यासारखीं भगदाडें मागें राहतात. काँक्रीटमध्यें शेंकडा पांच पोकळी राहिली, तर बळकटी शेंकडा तीसपर्यंत घटूं शकते. म्हणजे एका बाजूस आड आणि दुसऱ्या बाजूस विहीर. माल किती सैल आहे हें मोजण्याची युक्ति अगदीं साधी आहे. तळाशीं २० व तोंडाशीं १० सेंटिमीटर व्यासाचें, ३० सेंटिमीटर उंचीचें पत्र्याचें नरसाळें घेऊन त्यांत माल थराथरानें ठासून भरतात आणि नरसाळें सरळ वर उचलून घेतात. ढीग जितका खचेल, तितका माल सैल. या खचण्यास स्लम्प म्हणतात. घरच्या स्लॅबला व्हायब्रेटर लावून काम करावयाचें असेल, तर पांच ते दहा सेंटिमीटर स्लम्प पुरतो. ठासण्याचें साधन जितकें समर्थ, तितकें पाणी कमी चालतें. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या घाटघर येथें जीं धरणें उभीं राहिलीं, त्यांत माल इतका कोरडा होता, कीं तो पसरून रस्त्याप्रमाणें रूळ फिरवून दाबण्यांत आला.

आतां प्रमाण ठरविण्याची खरी रीत पाहूं. भारतीय मानक संस्थेनें १९८२ सालीं हिची पहिली संहिता काढली. तिचा क्रमांक १०२६२. पुढें संस्थेच्या जागीं ब्यूरो आल्यावर २००९ व २०१९ या सालीं तींत सुधारणा झाल्या. मी त्याच वाटेनें एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवितों असें समजा. कागदपेन्सिल जवळ असेल त्यांनीं आंकडे टिपून घ्यावे.

आपणांस एम २५ जातीचें काँक्रीट करावयाचें आहे. या आंकड्याचा अर्थ असा, कीं १५ सेंटिमीटर बाजूच्या घनानें अठ्ठावीस दिवसांनीं दर चौरस मिलिमीटरवर २५ न्यूटन दाब सोसला पाहिजे. व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें, तर त्या एवढ्याशा ठोकळ्यावर सुमारें ५७ टनांचें ओझें ठेवलें तरी तो फुटतां कामा नये. परंतु पंचवीसच मनांत धरून प्रमाण बांधलें, तर निम्मे ठोकळे पंचवीसच्या खालीं जातील. हें मास्तरांना सांगावें लागत नाहीं. पास होण्यास पस्तीस गुण लागतात म्हणून वर्गाची सरासरी पस्तीसवर आणून ठेवली, तर अर्धा वर्ग नापास होईल! शेंकडा पंचाण्णव मुलें पास व्हावयास हवीं असतील, तर सरासरी बरीच वर न्यावी लागते. येथेंही तसेंच. कामांतील स्वाभाविक चढउतारासाठीं चाराचा आंकडा धरतात, त्यास १.६५ नें गुणतात आणि येणारे ६.६ पंचविसांत मिळवितात. लक्ष्य झालें ३१.६. कामावर देखरेख ढिली, तर चढउतार अधिक. चढउतार अधिक, तर लक्ष्य आणखी वर, आणि सिमेंटही अधिक. म्हणजे निष्काळजीपणाचा दंड येथें सिमेंटच्या गोण्यांत भरावा लागतो.

लक्ष्य ठरल्यावर पाणी-सिमेंट यांचें गुणोत्तर. तें लक्ष्यावरून ठरतें, आणि घर कोणत्या हवेंत उभें राहणार यावरूनही ठरतें. ऊनपाऊस सोसणाऱ्या सामान्य कामास एका किलो सिमेंटला पाणी अर्ध्या किलोहून अधिक नको. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत ०.४५ हून अधिक नको, आणि काँक्रीटही किमान एम ३० जातीचें हवें. आपण अर्धें धरूं. यानंतर पाणी. खडी २० मिलिमीटरची व कोनदार, स्लम्प पांच सेंटिमीटर, तर एक घनमीटर काँक्रीटला १८६ लिटर पाणी लागतें, असें संहितेचें कोष्टक सांगतें. पाणी सिमेंटच्या निम्में असावयाचें, तेव्हां सिमेंट झालें ३७२ किलो.

उरली वाळू व खडी. त्यांचें प्रमाण जागेच्या हिशेबानें काढावयाचें. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. सिमेंट पाण्याच्या ३.१५ पट जड, म्हणून त्यानें ११८ लिटर जागा व्यापली. पाण्यानें १८६. कोंडलेल्या हवेला १० सोडूं. बाकी राहिली ६८६ लिटर. तिच्यांतील शेंकडा ६२ खडीला द्यावी. मध्यम जाडीच्या वाळूस हें मान योग्य आहे. खडी झाली ४२५ लिटर आणि वाळू २६१ लिटर. आपला काळा दगड पाण्याच्या साधारण २.८ पट जड धरला, तर खडी ११९० किलो, वाळू २.६५ पट जड धरली, तर ती ६९१ किलो. आतां हें सारें एका गोणीवर आणूं. सिमेंट ५० किलो, वाळू ९३ किलो, खडी १६० किलो आणि पाणी २५ लिटर. झालें उदाहरण पुरें.

तथापि हें उत्तर शेवटचें नव्हे. कोष्टकें सरासरीचीं असतात. आपली वाळू आणि आपली खडी आपल्या गांवची असते. म्हणून याप्रमाणें थोडासा माल कालवून पाहावा, स्लम्प मोजावा, ठोकळे भरावे आणि ते सात व अठ्ठावीस दिवसांनीं दाबून पाहावे. साध्या सिमेंटचें काँक्रीट सात दिवसांत आपल्या अठ्ठावीस दिवसांच्या बळाचा सुमारें दोनतृतीयांश भाग गांठतें. त्यावरून पुढचा अंदाज येतो. गुणोत्तर किंचित् अधिक व किंचित् उणें करून आणखी दोन नमुने घेतले, कीं आपल्या मालाची स्वतंत्र रेषा हातीं येते. पाककृति कितीही चांगली लिहिलेली असो, पहिला घाणा थोडा काढून पाहावा हें कोणाही सुगृहिणीस ठाऊक असतें.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंचवीस लिटर म्हटलें खरें. परंतु वाळू आपलें पाणी स्वतःबरोबर घेऊन येते. ओलसर वाळूंत शेंकडा पांच पाणी असणें ही नित्याची गोष्ट आहे. ९३ किलोवर तें झालें साडेचार लिटरांहून अधिक. तेवढें पाणी वजा करून मिक्सरला वीस लिटरांच्या आसपासच दिलें पाहिजे, आणि वाळू त्या मानानें थोडी अधिक तोलली पाहिजे. हें न करतां वर पुरे पंचवीस ओतले, तर पाणी जवळजवळ तीस लिटर झालें. एब्रॅम्स यांच्या सूत्रानें गणित करून पाहावें: एका गोणीस पंचवीसच्या जागीं तीस लिटर पाणी पडलें, कीं बळकटीचा चवथा हिस्सा गेला! चोर दरवाज्यानें आला नाहीं; वाळूच्या पाटींत बसून आला.

घमेल्यानें किंवा मापानें वाळू मोजणाऱ्यांची तर दुहेरी फसवणूक होते. ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पातळ पापुद्र्यामुळें एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. वीस-तीस टक्के फुगणें सामान्य आहे, बारीक वाळू त्याहूनही फुगते. गंमत अशी, कीं पुरी भिजली कीं ती पुन्हां खालीं बसते. म्हणून पावसाळ्यांत मापानें भरलेली वाळू खरोखर कमी असते आणि पाणी अधिक असतें. माप तेंच, गवंडी तोच, मंत्र तोच. काँक्रीट मात्र निराळें. यास्तव वस्तू तोलून घ्याव्या, मापून नव्हे, असा शास्त्राचा आग्रह आहे.

आपण सर्वच कांहीं प्रयोगशाळा उघडूं शकत नाहीं, हें मला ठाऊक आहे. लहान घरासाठीं संहिता क्रमांक ४५६ नें एम २० पर्यंत ठरीव प्रमाणाची मुभा ठेविली आहे. पन्नास किलोच्या गोणीस वाळू व खडी मिळून अडीचशें किलो, आणि पाणी कोणत्याही परिस्थितींत तीस लिटरांहून अधिक नाहीं. या तीस लिटरांत वाळूंतील पाणीही धरलेलें आहे, हें विसरूं नये. लोखंडी सळयांच्या कामास एम २० हून हलकें काँक्रीट संहितेस मान्य नाहीं. माल सैल हवाच असेल, तर पाणी न वाढवितां तो सैल करणारीं द्रवरूप रसायनें बाजारांत मिळतात. त्यांस प्लॅस्टिसायझर म्हणतात. सिमेंटच्या वजनाच्या शेंकडा एकाच्या आसपास मात्रेनें काम भागतें. मात्र तींही मोजूनच घालावीं. शहरांत तयार काँक्रीट गाडींतून येतें. त्या गाडीबरोबरच्या चिठ्ठीवर काँक्रीटची जात, माल भरल्याची वेळ आणि स्लम्प हीं वाचून घ्यावीं, आणि गाडींत जागेवर नळीनें पाणी सोडूं देऊं नये. सिमेंट वाढवून पाण्याचें पाप धुतां येईल, असेंही कोणीं समजूं नये. फाजील सिमेंटानें उष्णता वाढते, काँक्रीट आकसतें आणि तडे पडतात.

आणि एक विरोधाभास सांगून ठेवतों. कालवितांना पाण्याचा जो कंजूषपणा करावयाचा, तो काँक्रीट घट्ट झाल्यावर सोडून द्यावयाचा. साध्या सिमेंटचा स्लॅब निदान सात दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटचा किंवा कडक उन्हाळ्यांतील निदान दहा दिवस अखंड ओला ठेवावा. आंतील संयोग पुरा होण्यास तेंच पाणी उपयोगी पडतें. आम्हीं नेमकें उलट केलें होतें. कालवितांना पाण्याची लयलूट, आणि तिसऱ्या दिवसापासून आड आटला म्हणून काटकसर!

२०१५ च्या उन्हाळ्यांत आम्हीं तो स्लॅब उतरवून नवा घातला. मीं नवी वही घातली आणि तिचा पहिलाच रकाना पाण्याचा आंखला. वाळूचा नमुना सकाळीं तव्यावर भाजून, आधींच्या व नंतरच्या वजनांतून तिच्यांतील पाणी काढलें. तें काम माझ्या सुनेनें स्वयंपाकघरांतील तराजूवर केलें, आणि तिचा आंकडा बिनचूक होता. मिक्सरपाशीं खुर्ची टाकून मी दिवसभर बसलों. पाण्याच्या डब्यावर रंगाची खूण केली होती. दुपारीं नव्या मुकादमानें तेंच जुनें वाक्य उच्चारलें, "गुरुजी, जरा पाणी वाढवूं का? माल पळत नाहीं." मीं त्याला वही दाखविली आणि म्हटलें, "पळूं नये म्हणूनच बसलों आहें." तो हंसला, पण ऐकलें त्यानें. रसायनाची मात्रा देऊन काम नीट उरकलें. अठ्ठावीस दिवसांनीं ठोकळ्यांचा निकाल आला, तेव्हां एकही ठोकळा नापास नव्हता. मास्तराला याहून दुसरें सुख कोणतें?

आपणांपैकीं कोणी घर बांधीत असेल, कोणी इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च वांटून घेत असेल. सिमेंट कोणत्या कंपनीचें आणि सळई कोणत्या भावाची, हें आपण विचारालच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: एका गोणीला पाणी किती, आणि तें मोजतो कोण? उत्तर ताबडतोब व आंकड्यांत मिळालें, तर निश्चिंत असा. मिळालें नाहीं, तर त्या दिवशीं काम थांबविण्याचा वाईटपणा घ्या. मला तो घेतां आला नाहीं, आणि त्याची किंमत जवळजवळ माझ्या आईनें मोजली असती.